हस्ताची पेरणी, कमरेइतकी ओल : मालदांडीच्या प्रकल्पाच्या नोंदी

८ जुलै २०२३

प्रकल्पाचा विषय आज पक्का झाला. महाविद्यालयातल्या शेवटच्या वर्षाला प्रत्येकाने एक पीक पेरणीपासून मळणीपर्यंत सांभाळून नोंदी ठेवायच्या आहेत. वर्गातल्या बहुतेकांनी भाजीपाला घेतला, कारण तो लवकर हाती येतो. मी रब्बी ज्वारी घेतली, आमची नेहमीची मालदांडी. मंगळवेढ्याच्या काळ्या रानात जन्मून ज्वारी सोडून दुसरं काही निवडावं असं मनातच आलं नाही. दुष्काळात दामाजीपंतांनी कोठार उघडून लोकांना जगवलं ते याच गावात, आणि २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळालं तेही इथल्या ज्वारीलाच.

प्रश्न एकच ठेवलाय. रब्बी ज्वारीला पेरणीनंतर पावसाचा भरवसा नसतो. ती वाढते जमिनीत आधी मुरलेल्या पाण्यावर. मग पावसाळ्यात रान मोकळं असताना ते पाणी जास्त मुरवलं, तर पिकात किती फरक पडतो?

अण्णांनी विहिरीपलीकडचं एक एकर दिलं. मधोमध दोरी धरून वीस-वीस गुंठ्यांचे दोन भाग केले. एका भागात चौकोनी वाफे पाडायचे, दुसरा नेहमीसारखा सपाट ठेवायचा. बाकी बियाणं, खत, पेरणीचा दिवस, कोळपण्या, सगळं सारखं.

पाण्याच्या नळीने उतार मोजला. शंभर फुटांत जेमतेम एक फूट. डोळ्याला रान सपाटच दिसतं, पण पाण्याला ते सपाट नाही.

९ जुलै

माती बघायला बांधाकडेला खड्डा घेतला. वरची वीतभर माती भुसभुशीत, खाली घट्ट काळी, साठ सेंटिमीटरच्या खाली चुनखडीचे बारीक पांढरे खडे, आणि ९५ सेंटिमीटरला मुरूम लागला. साठपेक्षा जास्त खोल म्हणजे भारी जमीन. अशी माती मीटरभर खोलीत पिकाला उपयोगी पडेल असं साधारण १५० ते २०० मिलिमीटर पाणी धरून ठेवते. आमच्या जिल्ह्यात वर्षाचा पाऊसच साडेपाचशेच्या आसपास. म्हणजे टाकी मोठी आहे, ती भरते का एवढाच प्रश्न.

१६ जुलै

कुळवाच्या दोन पाळ्या देऊन वरंबे ओढणाऱ्या सारा यंत्राने वाफे पाडले, १० बाय १० मीटरचे. वरंबे साधारण फूटभर उंच. आजी बांधावर बसून बघत होती. म्हणाली, "ह्ये काय, भुईमुगाला पानी द्याचं हाय का?" मी म्हटलं, आजी, आभाळाचं पाणी द्यायचंय. तिला ते पटलं असावं, कारण उठून स्वतः दोन ठिकाणचे फुटके वरंबे पायाने दाबून आली.

घरामागे पाऊस मोजायला सरळ भिंतीचा डबा ठेवलाय. जूनचा पाऊस शेजारच्या शिवारातल्या मित्राच्या वहीतून घेतला : ३१ मिलिमीटर. जुलैपासून रोज सकाळी आठला मीच मोजते.

३१ ऑगस्ट

जुलैत ९६ मिलिमीटर झाला, ऑगस्टमध्ये फक्त १४. आज हवामान खात्याने सांगितलं की १९०१ पासूनच्या नोंदींत देशातला हा सर्वांत कोरडा ऑगस्ट. रानाला इतक्या भेगा पडल्यात की वाफ्यांच्या भागात माझा हात कोपरापर्यंत आत गेला. काळ्या मातीतली चिकणमाती ओलीने फुगते आणि सुकली की आकसते, म्हणून या भेगा. उभ्या पिकात भेग पडली की ओल त्या वाटेनं उडून जाते. पण मोकळ्या रानात, पुढे पाऊस आला तर, त्याच भेगा पाण्याला खाली नेतात. पावसाच्या आधी वाफे असणं म्हणूनच महत्त्वाचं.

अण्णा दोन दिवस फार बोललेले नाहीत. खरीप बाजरी हातची गेली.

२४ सप्टेंबर

रात्री पाऊस आला. डब्यात ४६ मिलिमीटर!

पहाटे बॅटरी घेऊन रानात गेले. हे नीट लिहून ठेवते, कारण सगळा प्रकल्प खरं तर आजच डोळ्यांना दिसला. सपाट भागातून पाणी बांधाकडे पळत होतं, चहासारखं गढूळ, आणि बांधाच्या सांडीतून ओढ्याला जाऊन मिळत होतं. मी बाटलीभर पाणी धरून ठेवलं, दुपारी बघितलं तर तळाला बोटभर गाळ. ती आमच्या रानाची वरची माती. वाफ्यांच्या भागात मात्र प्रत्येक वाफ्यात घोट्याएवढं पाणी उभं होतं, शांत. एका वाफ्यात भेगेतून बुडबुडे वर येत होते, आतली हवा बाहेर आणि पाणी आत. सकाळी अकरापर्यंत बहुतेक पाणी जिरलं होतं. दोन वरंबे फुटले, ते फावड्याने पुन्हा भरले.

२९ सप्टेंबर

आठवड्यात एकूण १०४ झाला. सप्टेंबरची बेरीज १५२. जूनपासून २९३ मिलिमीटर, म्हणजे नेहमीपेक्षा बराच कमी. हस्त नक्षत्र लागून दोन दिवस झाले. पेरणीची शिफारस १५ सप्टेंबर ते १५ ऑक्टोबरची, तेव्हा अजून वेळ आहे, पण वाफसा येईपर्यंत, म्हणजे रान पेरणीजोगं सुकेपर्यंत, थांबावं लागेल. अण्णांनी मातीचा गोळा करून छातीच्या उंचीवरून टाकला, तो फुटला नाही. "आजून न्हाय. चिखलात पाभर घातली तर दानं दडपून जात्यात."

१ ऑक्टोबर

उगवणशक्ती तपासली. घरच्याच बियाण्यातले न निवडता शंभर दाणे घेऊन ओल्या गोणपाटात दहा-दहाच्या ओळीत गुंडाळले होते. चौथ्या दिवशी मोजले तर ८८ उगवले. प्रमाणित बियाण्याला किमान ७५ लागतात, त्यामुळे आपलं बियाणं चालतं.

वाणावरून अण्णांशी थोडी चर्चा झाली. राहुरीच्या कृषी विद्यापीठाने जमिनीच्या खोलीप्रमाणे वाण सांगितलेत : हलक्या रानाला फुले अनुराधा, मध्यम रानाला फुले सुचित्रा, भारी रानाला फुले वसुधा. आम्ही पेरतो ती मालदांडी, एम ३५-१. मोहोळच्या केंद्रावर १९३०च्या दशकात स्थानिक मालदांडीतूनच ती निवडली गेली. नवे वाण दाण्याला जास्त देतात हे मला माहीत आहे. अण्णांचं म्हणणं, भाकरी आणि कडबा दोन्ही बघायचं, नुसता दाणा बघून गोठा चालत नाही. मला त्यांचं पटलं. शिवाय माझा प्रश्न वाणाचा नाही, पाण्याचा आहे.

४ ऑक्टोबर

ओल मोजली. परवा एकदा केलं होतं, पण नमुने कापडी पिशवीत घालून एसटीने नेले आणि महाविद्यालयात पोहोचेपर्यंत वरची माती सुकली. ते आकडे खोडले. काल झाकणाचे ॲल्युमिनियमचे डबे, रानातच वजन, मग भट्टीत १०५ अंशांवर २४ तास.

एक उदाहरण लिहिते म्हणजे पुढच्याला करता येईल. वाफ्याचा भाग, ३० ते ६० सेंटिमीटर : डब्याचं वजन वजा करून ओली माती १२८.० ग्रॅम, वाळल्यावर ९९.२ ग्रॅम. गेलेलं पाणी २८.८ ग्रॅम. भागिले वाळलेली माती, म्हणजे २९ टक्के.

वरच्या १५ सेंटिमीटरमध्ये वाफ्यात ३० आणि सपाट भागात २९. पंधरा ते तीसमध्ये ३१ आणि २९. तीस ते साठमध्ये २९ आणि २५. साठ ते नव्वदमध्ये २४ आणि १९.

वरून दोन्ही रानं सारखीच काळी, सारखीच ओली दिसतात. फरक सगळा खाली आहे. सपाट भागात साठच्या खालची माती जवळजवळ उन्हाळ्यात होती तशीच राहिलीय. या मातीचा कायम मरगळ बिंदू, म्हणजे ज्याच्या खालचं पाणी मुळांना ओढताच येत नाही तो, आम्ही १८ टक्के धरलाय. १९ म्हणजे त्या उंबरठ्यावरच.

मातीची घनता १.३ धरून हिशेब केला. वाफ्याच्या भागात ४१ मिलिमीटर पाणी जास्त आहे. वीस गुंठ्यांत ते साधारण ८३ हजार लिटर होतं. अण्णांना लिटर सांगून काही वाटलं नाही. मग म्हटलं, अण्णा, उन्हाळ्यात गावात दहा हजारांचा टँकर येतो ना, तसे आठ टँकर. ते उठून परत वाफ्यांकडे बघायला गेले.

६ ऑक्टोबर

पेरणी झाली. वरंबे कुळवाने मोडून दोन चाड्याच्या (बी सोडायच्या नरसाळ्याच्या) पाभरीने पेरलं, उताराला आडवं. एका चाड्यात खत, दुसऱ्यात बी, दोन ओळींत ४५ सेंटिमीटर अंतर, खोली दोन इंचांच्या आसपास म्हणजे ओलीत. बियाणं वीस गुंठ्याला दोन किलो.

बीजप्रक्रिया : दाणे काणी या बुरशीच्या रोगासाठी गंधक, किलोला ४ ग्रॅम. खोडमाशीसाठी थायामेथोक्झाम ७० टक्के, किलोला ३ ग्रॅम. हे सगळं हातमोजे घालून. नंतर, सर्वांत शेवटी, ॲझोटोबॅक्टर आणि स्फुरद विरघळवणारे जिवाणू किलोला २५-२५ ग्रॅम, आणि सावलीत सुकवणं. क्रम उलटा झाला तर जिवाणू मरतात.

भारी जमिनीला हेक्टरी ६० किलो नत्र आणि ३० किलो स्फुरद. वीस गुंठ्याला १२ आणि ६ किलो होतं. डीएपी १३ किलो आणि युरिया २१ किलोत ते बसलं. सगळं खत आत्ताच, मुळाच्या वाटेवर पेरून. वर्गात एकाने विचारलं होतं की युरिया निम्मा नंतर का नाही देत? बागायतीत देतात. इथे महिन्याभरात वरची माती कोरडी होते आणि कोरड्या मातीवर टाकलेला युरिया पिकापर्यंत पोहोचतच नाही.

आजीने पाभरीला कुंकू लावलं. चाड्यावर काकू होत्या, त्यांची मूठ इतकी सारखी की मी ओळीत मोजले तेव्हा कुठे मीटरला बारा, कुठे तेरा दाणे होते.

११ ऑक्टोबर

दोन्ही भागांत उगवण छान. पहिल्या पानावर अजून दाण्याचं टरफल अडकलेली रोपं आहेत.

२१ ऑक्टोबर

खोडमाशी. सकाळी भिंग घेऊन पानांच्या खालची बाजू बघितली. तिसऱ्या-चौथ्या पानावर मधल्या शिरेला समांतर एकेकटी पांढरी अंडी, तांदळाच्या कणीसारखी बारीक. यातून निघालेली अळी पोंग्यात, म्हणजे मधल्या गुंडाळलेल्या पानांत, उतरते आणि वाढीचा कोंब कुरतडते. पोंगा ओढला की अलगद हातात येतो, खालचं टोक कुजलेलं, वास येतो. मालदांडीची रोपं कोवळेपणी तुकतुकीत असतात, त्यामुळे माशी थोडी कमी बसते.

२७ ऑक्टोबर

तीन आठवडे झाले. विरळणी आणि पहिली कोळपणी. काठीवर १५ सेंटिमीटरच्या खुणा करून ओळीत ठेवत गेले. ४५ बाय १५ म्हणजे एकरी साठ हजार झाडं. बोलताना लोक म्हणतात, उपटायचं कशाला, जास्त झाडं म्हणजे जास्त कणसं. पण टाकीतलं पाणी ठरलेलं आहे. झाडं दुप्पट ठेवली तर प्रत्येकाचा वाटा निम्मा, आणि तो दाणे भरायच्या आधीच संपेल.

उपटलेली रोपं शेजारच्या काकांचा मुलगा शेळ्यांना न्यायला लागला. पळत जाऊन थांबवलं. कोवळ्या ज्वारीत सायनाइड तयार करणारं द्रव्य असतं, सुकत चाललेल्या रोपात तर जास्तच धोका. सगळी रोपं बांधावर पुरली.

पोंगेमर मोजली, शंभरात वाफ्यात ९, सपाटमध्ये ११. याला फरक म्हणता येणार नाही.

१० नोव्हेंबर

दिवाळीच्या तोंडावर दुसरी कोळपणी. रविवारी लक्ष्मीपूजन, त्याआधी उरकायची घाई. ऑक्टोबरपासून थेंब नाही. कोळपणी फक्त तणासाठी असते असं मला लहानपणी वाटायचं. रानात आता तण फारसं नाही, तरी अण्णा कोळपं सोडत नाहीत : "कोळपनी म्हंजी अर्धं पानी." वरची दोन बोटं माती मोकळी झाली की ती पांघरुणासारखी राहते आणि खालच्या ओलीला वर यायची वाट तुटते.

१ डिसेंबर

आठ आठवडे. पीक पोटरीत, कणीस अजून पानाच्या आवरणात. दातेरी कोळप्याने तिसरी पाळी, भेगा बुजवायला.

आज मुळं बघितली. दोन्ही भागांत झाडाला खेटून खड्डा घेतला, चाकूने भिंत तासली आणि पाण्याच्या पंपाने हलकं धुतलं. वाफ्याच्या भागात पांढरी, केसांसारखी मुळं भेगांच्या गुळगुळीत भिंतींवरून खाली खाली गेलेली, शेवटचं मूळ मला ८८ सेंटिमीटरवर दिसलं. माझी कंबर साधारण तेवढीच उंच. सपाट भागात मुळं ६२ सेंटिमीटरला थांबली होती. खाली माती कोरडी, ढेकळासारखी.

मी आजवर ऐकत आले की पाणी कमी असलं की मुळं पाणी शोधत खोल जातात. खड्ड्यात उभं राहून बघितल्यावर कळलं की मूळ कोरड्या मातीत घुसतच नाही. ते ओलीच्या मागे मागे जातं, आणि ओल संपली तिथे थांबतं. सप्टेंबरात पाणी जिथपर्यंत गेलं, डिसेंबरात मूळ तिथपर्यंत गेलं. खड्ड्यातून बाहेर आले तेव्हा हात थरथरत होते. एवढी साधी गोष्ट, पण ती मातीत दिसली.

१८ डिसेंबर

फुलोरा. पहाटे कणसांवर पिवळे परागकोश लोंबतात आणि वारा आला की धुरळा उडतो. दुपारी दोनला सपाट भागातली पानं सुरळी झालेली असतात, वाफ्यातली अजून उघडी. पान वळवून घेणं ही ज्वारीची स्वतःची तजवीज आहे, उन्हाला तोंड कमी द्यायचं. पण वळलेलं पान अन्नही कमी बनवतं.

पुन्हा ओल मोजली. तीस ते साठमध्ये २१ आणि १९. साठ ते नव्वदमध्ये २० आणि १८. सपाट रानाची टाकी आता रिकामी धरायची, आणि दाणे भरायचे अजून बाकी आहेत.

११ जानेवारी २०२४

आजीचं माहेर अक्कलकोटकडचं, त्यामुळे आमच्या घरी येळवस, म्हणजे वेळ अमावास्या, पाळतात. रानात कडब्याची खोप, पाच दगडांचे पांडव, भज्जी, उंडे आणि आंबिलाचा डेरा. आजीने चारी दिशांना आंबील शिंपडलं. नंतर दोन्ही भागांतली कणसं भाजून हुरडा खाल्ला. हुरड्याला मी कुठली कणसं कुठली ते सांगितलं नव्हतं. आजीने दाणा दाताखाली धरला आणि म्हणाली, ह्यो भरलाय, ह्यो दुधातच वाळाय लागलाय. दोन्ही बरोबर ओळखले.

२४ जानेवारी

सपाट भागाच्या वरच्या कडेला झाडं लोळायला लागलीत. एक खोड बुडाशी दाबलं, पोकळ लागलं, चिरलं तर आत सुटे सुटे धागे आणि त्यांवर काजळीसारखे बारीक काळे ठिपके. खडखड्या. बुरशी मातीत असतेच, दाणे भरताना पाण्याचा ताण पडला की खोडात जोर धरते. शंभर झाडांत सपाटमध्ये १४, वाफ्यात ५.

पाखरांची राखण पहाटे काकू आणि चुलतभाऊ करतात. गोफणीचा आवाज माडीपर्यंत येतो.

७ फेब्रुवारी

१२४ दिवस. दाण्याच्या बुडाशी काळा ठिपका आला, म्हणजे आता झाडाकडून दाण्यात काही येत नाही. उपटणी सुरू. कडब्यासाठी ज्वारी आम्ही कापत नाही, मुळासकट उपटतो, कंबरेचं काम. पाच पेंढ्यांचा पाचुंदा बांधून दोन्ही भागांची वेगळी बुचाडं लावली.

१९ फेब्रुवारी

कणसं मोडून, वाळवून, मळणी यंत्रातून काढली. यंत्र मध्ये थांबवून पूर्ण झाडून घेतलं, म्हणजे एका भागाचे दाणे दुसऱ्यात मिसळू नयेत. यंत्रवाल्या काकांनी न कुरकुरता अर्धा तास थांबून दिलं, त्यांची आभारी आहे.

सपाट : दाणे १ क्विंटल ५२ किलो, कडबा ४ क्विंटल ८० किलो.
वाफे : दाणे २ क्विंटल ६ किलो, कडबा ६ क्विंटल १० किलो.

फरक ५४ किलो दाण्यांचा. शंभर दाण्यांचं वजन सपाटमध्ये २.९ ग्रॅम, वाफ्यात ३.४. कणसांची संख्या जवळपास सारखीच आहे, तेव्हा साधारण निम्मा फरक दाणा भरण्यातला आणि उरलेला कणसातल्या दाण्यांच्या संख्येतला. जास्तीच्या ८३ हजार लिटरांना ५४ किलो दाण्यांनी भागलं, तर किलोमागे दीड हजार लिटर, शिवाय वर कडबा.

२२ फेब्रुवारी

सरांना वही दाखवली. त्यांनी एकच प्रश्न विचारला आणि तो योग्य होता : वाफ्याचा भाग खालच्या अंगाला आहे, तिथे माती मुळातच खोल नसेल कशावरून? एकेका तुकड्यावरून हे ठरवता येत नाही. मी घरी येऊन दोन्ही भागांत चार-चार ठिकाणी सळई ठोकली. सपाट भागात वरच्या कडेला मुरूम ७८ सेंटिमीटरलाच लागला. खडखड्याही तिथेच जास्त होता. म्हणजे ५४ किलोंतले काही किलो पाण्याचे नाहीत, मातीचे आहेत. किती, ते या वर्षीच्या आकड्यांवरून सांगता येत नाही. अहवालात हे पहिल्याच पानावर लिहिलंय.

सोलापूरच्या कोरडवाहू संशोधन केंद्रात १९३३ पासून हेच काम चालू आहे. एका वर्षाचं, एका तुकड्याचं माझं उत्तर तिथे पुरणार नाही.

२५ फेब्रुवारी

अण्णांना विचारलं, तेच एकर पुन्हा द्याल का. ते म्हणाले, "सात एकराला सारं मारून वाफं पाडायचं ठरिवलंय. तुझं एकर तेवढं तुझ्या मनानं कर."

एकराचे उताराला समांतर सहा पट्टे पाडायचे, म्हणजे प्रत्येक पट्ट्यात वरची उथळ माती आणि खालची खोल माती दोन्ही येतील. तीन पट्ट्यांत वाफे, तीन सपाट, मध्ये वरंबा. कुठला पट्टा कशाचा हे मी ठरवायचं नाही, म्हणून सहा चिठ्ठ्या पितळी डब्यात घालून आजीपुढे धरल्या. तिने डोळे मिटून एकेक काढली. पूर्वेकडून : सपाट, वाफे, वाफे, सपाट, वाफे, सपाट. संध्याकाळी चुन्याने खुणा करून कोपऱ्यांवर बाभळीच्या खुंट्या ठोकल्या.